दसऱ्याची फळी

नाना,

आज गुरुवार, १९ ऑगस्ट १९५४. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट मांडून बसलो आहे, मांडीवर वही आणि तिच्यावर हा कागद. कालची भिजलेली खाकी पँट चुलीजवळ दोरीवर वाळते आहे आणि तिला अजून तो वास आहे, जो तुमच्या कपड्यांना असायचा आणि ज्यामुळे आई तुमचे कपडे घराबाहेरच्या खुंटीवर टांगायला लावायची. आई आत्ता चहाचं आधण ठेवते आहे. काय लिहितोस, असं तिने विचारलं नाही. ऑफिसचा रिपोर्ट असेल असं तिला वाटतं. रिपोर्ट काल रात्रीच लिहून झाला; तो या वहीत घडी न घालता ठेवला आहे आणि दहा वाजता साहेबांच्या टेबलावर द्यायचा आहे. त्याआधी मला तुमच्याशी भांडायचं आहे. येत्या पौषात तुम्हाला जाऊन अकरा वर्षं होतील. तुम्ही होता तेव्हा भांडायची माझी छाती नव्हती. तुम्ही गेल्यावर लोकांनी तुम्हाला इतकं मोठं करून ठेवलं की मी गटार खात्यात, जिथे तुम्ही दरोगा होता, शिरलो ते तुमच्या नावावर, आणि चार वर्षं जिथे जाईन तिथे ऐकत आलो, अरे, ये तो दरोगाजी का लडका है, बिठाओ इसको. बसलो. आता त्या बसण्याचीच लाज वाटते.

नदीकाठच्या त्या गल्लीत एक मावशी आहेत. जुन्या इंदुरातून खाली नदीकडे उतरते ती गल्ली, तुम्हाला मी काय सांगायचं. तुमच्या वेळी मावशींचे यजमान मिलमध्ये होते. ते वारल्यावर मावशींनी पुढच्या खोलीत खानावळ काढली. मिलची वीसेक माणसं दोन वेळा जेवतात, पोळी, वरण, शेवेची भाजी. गटाराचा एक चेंबर नेमका त्यांच्या दारासमोर आहे. जोराचा पाऊस आला की त्याचं झाकण आधी थरथरतं, मग उचललं जातं, आणि काळं पाणी मावशींच्या ओट्यावरून सरळ चुलीपर्यंत जातं. दर पावसाळ्यात, वर्षानुवर्षं. त्या गल्लीचं रजिस्टर चार वर्षं माझ्याकडे आहे. तारीख, वेळ, पाणी किती बोटं चढलं, किती वेळाने उतरलं, सगळं मी लिहिलेलं आहे, एकही खाडाखोड नाही. आणि शेवटच्या रकान्यात, ‘कारण’ या शब्दाखाली, दर वेळी एकच: चुलीची राख व खरकटे. खानावळ म्हणजे चुली, चुली म्हणजे राख, राख म्हणजे तुंबलेली लाइन. मला हे इतकं उघड वाटत होतं की मी वाकून कधी बघितलं नाही. माझ्या रिपोर्टांवरून मावशींना तीनदा दंड झाला. या महिन्यात नोटीस निघाली की शनिवारपासून खानावळ बंद करावी. नोटीस माझ्याच अक्षरात आहे, आणि ती द्यायलाही मीच गेलो होतो.

मावशी पोळ्या लाटत होत्या. हात पुसून त्यांनी कागद घेतला, उलटा धरला, मग सुलटा केला. “बाबूजी, अक्षर तर फार सुंदर आहे तुमचं. आता वाचून पण दाखवा.” मी वाचून दाखवलं. “बंद म्हणजे? पूरी बंद?” मी म्हटलं, शनिवारपासून. “आणि मग मी काय करू? मानपुरला भावाच्या हॉटेलात जाऊन ट्रकवाल्यांच्या कपबश्या धुऊ? भावजय तर वाटच बघून राहिली आहे माझी.” मी म्हटलं, राख गटारात टाकू नका म्हणून तुम्हाला तीनदा समज दिली होती. त्यावर त्या हसल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. “अरे भिया, वीस ताटं रोज दोनदा घासते मी. कशाने घासते? राखेनेच नं? इकडे मला राख पुरत नाही, शेजारणीकडून मागून आणते. फेकेल कोण?” नाना, आपल्या घरात आई काय करते? त्या चुलीशेजारी राखेचं डबडं आहे, जन्मापासून बघतो आहे. मी त्या बाईसमोर उभा राहून हे ऐकलं आणि मला पटलं नाही, कारण रजिस्टरमध्ये तसं लिहिलेलं नव्हतं. ही सवय मला कुणी लावली? मी तुम्हाला विचारतो आहे.

काल दुपारी दोनच्या सुमारास पाऊस कोसळला. मी गल्लीत पोचलो तेव्हा मावशी स्टुलावर उभ्या होत्या, दोन्ही हातांत पिठाचा डबा, आणि खाली वरणाचं पातेलं आपोआप दाराकडे निघालं होतं. मिलमधून जेवायला आलेली माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून मलाच शिव्या देत होती. आपला जुना जमादार, तुमच्याबरोबर चेंबरात उतरायचा तोच, आता केस पांढरे झाले आहेत त्याचे, बांबूच्या खपच्च्या जोडून लाइनमध्ये सारत होता. एकदा सारल्या, दोनदा, तिसऱ्यांदा. बाहेर काढून त्याने खपच्चीचं टोक माझ्या नाकासमोर धरलं. “देखो. राख कहाँ है?” टोक स्वच्छ होतं. लाइन तुंबलेलीच नव्हती. पाणीच मावत नव्हतं. “बाबू, ये गल्ली का पाणी नी है. ये ऊपर का है.” मी म्हटलं, वरचं, बंगल्यांकडचं पाणी मोठ्या रस्त्याखालच्या बड्या लाइनमध्ये जातं, या गल्लीत त्याचा संबंध नाही, नकाशा बघा. “नकाशा आप देखो. मैं तो पाणी देख रिया हूँ.” मग त्याने चेंबरातून ओंजळभर फेस उचलला आणि मला हुंगायला लावला. “इस गल्ली में खुशबूवाला साबुन कौन लगाता है? आपकी ये मावशी?” मावशी स्टुलावरून म्हणाल्या, “लगा लेंगे भिया, पैले खानावळ तो बचने दो.” त्या पाण्यातही माणसं हसली. मला हसू आलं नाही. बड्या लाइनच्या खालच्या चेंबरात पाणी नेहमी घोट्याएवढं असतं. दर आठवड्याला मी तिथे लिहितो: बडी लाइन उत्तम, पाणी कमी. एवढ्या बंगल्यांचं पाणी ज्या लाइनमध्ये जायला हवं तिच्यात पाणी कमी का, हा प्रश्न चार वर्षांत मला एकदाही पडला नव्हता. पाणी कमी म्हणजे तब्येत चांगली, असं मी धरून चाललो होतो.

जमादार मला वरच्या मोठ्या रस्त्यावर घेऊन गेला. कोपऱ्यावरच्या भिंतीला पाठ लावून त्याने पावलं मोजली, बावीस, आणि डांबरावर टाच आपटली. “यहाँ.” मी म्हटलं, इथे नकाशात काही नाही. त्याने गैंती, म्हणजे टिकाव, मागवली. वीतभर डांबर आणि खडी फोडल्यावर लोखंडी झाकण लागलं. रस्ता नवा केला तेव्हा ते खाली गाडलं गेलं असणार आणि कुणाला त्याची गरज वाटली नसणार. पहारीने झाकण उचललं, शेजारच्या चेंबराचंही उघडलं, दोरीला लालटेन बांधून खाली सोडली, आणि ज्योत सरळ जळते आहे असं दिसेपर्यंत मी कुणाला उतरू दिलं नाही. हे तुम्ही शिकवलेलं. रागात असलो तरी हे लिहायला हवं. तुम्ही दरोगा असताना तुमचा एकही माणूस गॅसने गेला नाही, आणि ते नुसत्या नशिबाने झालं नाही. पण ऐका पुढे. जमादार कमरेला दोर बांधून उतरला आणि खालून ओरडला, “फळी है!” बड्या लाइनच्या तोंडावर, खाचांमध्ये बसवलेली सागाची फळी. बंगल्यांचं सगळं पाणी तिला अडून शेजारच्या नऊ इंची नळात शिरत होतं, आणि तो नऊ इंची नळ म्हणजे मावशींच्या गल्लीची लाइन. उन्हाळ्यात ते कसंतरी जात होतं. पावसात ते मावशींच्या चुलीवर जात होतं. फुगून दगडासारखी झालेली ती फळी चार माणसांनी दोन दोरांनी ओढून वर काढली. पाणी बड्या लाइनमध्ये असं धडाडत शिरलं की पायाखाली रस्ता हलल्यासारखा वाटला. आणि फळीच्या कडेला, लोखंड तापवून उठवलेली, तुमची खूण. दोन आडव्या रेघा आणि वर एक टिंब.

ती खूण मी कुठेही ओळखली असती. रेघा आखायच्या माझ्या रुळावर आहे ती. तोच रूळ आत्ता माझ्या उजव्या गुडघ्याशी पडला आहे.

पाव तासात गल्लीतलं पाणी उतरलं. अकरा वर्षं जे कुणाला जमलं नाही ते पाव तासात झालं. मी खाली गेलो तेव्हा मावशी ओल्या उंबऱ्यावर बसल्या होत्या आणि पातेलं पालथं घालत होत्या. त्यांनी मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “काय बाबूजी, निघाली का राख?” मी जमादाराकडे वळलो. मला कुणावर तरी ओरडायचं होतं. तुम्हाला माहीत होतं तर सांगितलं का नाही, मी ओरडलो. तो डोक्याचं फडकं पिळत होता. “कहा था. आपके पैले ही साल कहा था कि ऊपर का पाणी है, ऊपर फळी है. आप बोले, किधर लिखा है? मैं अनपढ आदमी, किधर बताऊँ किधर लिखा है? आपने राख लिख दी.” हे खरं आहे. मला आता ते आठवतं. तो माझ्या टेबलासमोर, दाराच्या बाहेर, उभा होता, आणि मी मान वर न करता ते विचारलं होतं. मग तो म्हणाला, “फळी आपके बाप ने ही लगवाई थी. बोले थे, दसरे के बाद निकाल देंगे. फिर वो खुद ही चले गए.”

दसरा मलाही आठवतो, नाना. तेव्हा संस्थान होतं, दसऱ्याची सवारी त्या मोठ्या रस्त्यावरून जायची. आठ दिवस आधी बड्या लाइनमध्ये कुठेतरी गाळ बसला आणि रस्त्यावरच्या झाकणातून पाणी वर यायला लागलं. वरून हुकूम आला की सवारीच्या रस्त्यावर घाण पाण्याचा थेंब दिसता कामा नये. लाइन साफ करायला पंधरा दिवस लागले असते. तुम्ही सुताराला बोलावून फळी कापून घेतली. मी तुमच्याबरोबर होतो, अकरा वर्षांचा, डायरी काखेत धरून. मी तुम्हाला विचारलं, मग हे पाणी जाईल कुठे? तुम्ही म्हणालात, “खाली.” मी विचारलं, खाली कुणाकडे? आणि तुम्ही चारचौघांसमोर माझ्यावर डाफरलात, “तुझं काम लिहायचं. विचारायचं नाही.” बस. तो दिवस मी विसरलो, पण ते वाक्य मनात तसंच राहिलं. मी तेच करत आलो. लिहीत आलो, विचारलं नाही. तुम्हाला त्या गल्लीतलं एकेक घर माहीत होतं. मावशींच्या यजमानांबरोबर तुम्ही पानं खाल्ली आहेत, मावशींनीच सांगितलं मला. रस्त्यावर एक थेंब दिसू नये म्हणून तुम्ही त्यांच्या दारात अख्खा बंगल्यांचा नाला सोडलात, आणि घरी येऊन बाहेरच्या न्हाणीत कडूनिंबाच्या पाण्याने आंघोळ करून शांतपणे जेवलात. तुम्हाला हुकूम नाकारता आला नसता, हे मी समजू शकतो. पण एकदा, फक्त एकदा, त्या गल्लीत जाऊन सांगता आलं असतं की बाबांनो, काही दिवस त्रास आहे, फळी लावली आहे. त्यांना कळलं असतं तर त्यांनी तुमच्या मागे लागून ती काढून घेतली असती. तुम्ही सांगितलं नाहीत, कारण गल्लीला सांगायची पद्धत नव्हती. आजही नाही. बंगल्यातून तक्रार आली तर ती कागदावर येते. गल्लीतून आली तर ती तोंडी असते, आणि तोंडी गोष्ट आपण लिहून घेत नाही.

संध्याकाळी साहेब आले. छत्री न मिटताच फळी बघितली. “चांगलं काम केलंत. रिपोर्टमध्ये ‘जुना अडथळा दूर केला’ इतकंच लिहा.” मी विचारलं, आणि नोटीस? “नोटीस वेगळी फाइल आहे.” मी म्हटलं, पण साहेब, राख नव्हतीच, तीन वेळा दंड चुकीचा झाला. ते रागावले नाहीत, दया आल्यासारखे म्हणाले. “हे बघा, फळी लिहिलीत की विचारतील कोणी लावली. कोणी लावली लिहिलंत की विचारतील, त्याच्या मुलाला कोणी घेतलं आणि तो चार वर्षं काय करत होता. तुमची नोकरी अजून पर्मनंट नाही. घरी आई आहे. त्या बाईचं काय, ती जाईल भावाकडे.” मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “दरोगाजींचं नाव चांगलं आहे. राहू द्या.” नाना, तुमचं चांगलं नाव राहावं म्हणून एका बाईने मानपुरला जाऊन कपबश्या धुवायच्या आहेत. मला नखशिखांत संताप आला तो साहेबांचा नाही. तुमचा.

घरी येऊन मी तुमची ट्रंक उघडली. मला बघायचं होतं की फळी काढायची गोष्ट तुम्ही कधी मनात तरी आणली होती का. डायऱ्या सगळ्या आहेत, वाळवी लागलेली नाही, दरवर्षी मीच त्यांना ऊन दाखवतो. त्या माझ्याच हातच्या आहेत हे मला अर्थातच माहीत होतं. तुम्हाला सही येत होती, आकडे येत होते, ओळ वाचता येत नव्हती. म्हणून माझं अक्षर सुधारल्यावर डायरी माझ्याकडे आली. आधी सगळं तुमच्या डोक्यात असायचं. मग तुम्ही लोकांना कौतुकाने सांगायला लागलात, “पोराच्या वहीमुळे माझं डोकं मोकळं झालं.” शनिवारी संध्याकाळी तुम्ही खाटेवर बसून सांगायचात, मी खाली बसून लिहायचो, आठवड्याचं काम, आणि शेवटी बाकी कामं. जे राहिलं ते मागच्या पानावरून पुढच्या पानावर उतरवायचं. पुरं होईपर्यंत दर शनिवारी उतरवत जायचं. सोमवारी सकाळी मी ती बाकी कामं वाचून दाखवायचो आणि तुम्ही माणसं वाटायचात. वहीत जे असेल ते व्हायचंच.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारचं पान सापडलं. ‘मोठ्या रस्त्यावरील चेंबरात सागाची फळी बसविली. तात्पुरती. दसऱ्यानंतर बडी लाइन साफ करून काढणे.’ म्हणजे तुम्ही काढणार होता. पुढच्या शनिवारी बाकी कामांत ती ओळ आहे. त्याच्या पुढच्या शनिवारीही आहे. त्यानंतरच्या शनिवारी ‘बडी लाइन साफ झाली’ असं आहे. आणि त्या पानावर, बाकी कामांत, फळी नाही. खाली तुमची सही. त्याच्या पुढे कुठेच नाही. दिवाळी झाली, तुम्ही तापाने आडवे झालात, पौषात गेलात. लाइन साफ झाली आणि फळी राहिली! इतकं मोठं काम केलंत आणि चार माणसांनी पाव तासात काढायची फळी विसरलात! मी ती डायरी जमिनीवर आपटली. मग तिचा कोपरा दुमडला म्हणून सरळ केला. मग बसलो आणि रिपोर्ट लिहिला. साहेबांना नको होतं ते सगळं लिहिलं. फळी, तिची जागा, तिच्यावरची खूण, दंड चुकीचा, नोटीस रद्द करावी, माझ्या चार वर्षांच्या रजिस्टरमधील ‘कारण’ हा रकाना खोटा आहे. आणि कारण म्हणून लिहिलं: ‘तत्कालीन दरोगांच्या विस्मरणामुळे.’ रुळाने समास आखून, एकही डाग न पाडता. लिहिताना मला बरं वाटलं. तुम्हाला एकदा तरी कागदावर पकडलं असं वाटलं.

आत्ता आईने चहा आणून ठेवला. कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, “त्या रिपोर्टात त्यांचं नाव आहे का रे?” तिला कालचं सगळं कळलं आहे, आपल्या आळीत काय लपतं. मी म्हटलं, नाव नाही, हुद्दा आहे. “काय लिहिलंस?” मी सांगितलं, विसरले असं लिहिलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, “लिही. खरं असेल तर लिही. त्या बाईचं घर तरी वाचेल. पण एक सांगते, वही आल्यापासून त्यांनी डोक्यात काही ठेवलं नाही. वहीत असतं तर केलं असतं त्यांनी.” आणि ती भांडी घासायला न्हाणीत गेली. राखेचं डबडं घेऊन.

तिला माहीत नाही ती काय बोलून गेली. म्हणून हे तुम्हालाच सांगतो.

ज्या पानावर फळी नाही, त्याच्या आदल्या शनिवारचं पान तुम्ही फाडलं होतं. पानावर वीस ओळी असायच्या. बाकी कामं वाढली होती, एकविसावी ओळ बसेना, म्हणून मी ती खालच्या रेघेखाली, समासात, बारीक अक्षरात कोंबली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण पान घाण दिसतं हे दिसत होतं. जमादार समोर उभा होता. तुम्ही पान टराटरा फाडलंत आणि म्हणालात, “हे काय, गटार आहे का, जागा मिळेल तिथे घुसायला?” मी दोन पानं करून पुन्हा लिहून काढलं, रडत. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि रूळ दिलात, त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्याचा, सुताराकडून रंधून घेतलेला, तुमची खूण उठवलेला. म्हणालात, आता तुझ्या रेघा वाकड्या होणार नाहीत. मला इतका आनंद झाला होता की मी तो उशाशी घेऊन झोपलो. पुढच्या शनिवारी तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेलो. मग मागच्या पानावरची बाकी कामं उतरवायला लागलो. विसाव्या ओळीवर पान संपलं आणि एक ओळ उरली. फळीची. दुसरं पान एका ओळीसाठी उघडावं लागलं असतं, आणि पहिलं पान नव्या रुळाने आखलेलं, इतकं सुंदर दिसत होतं. मी म्हटलं, लाइन तर साफ झाली, फळी काय, नानांच्या लक्षात असेलच. मी वही बंद करून तुमच्यासमोर धरली. तुम्ही पानावरून बोट फिरवलंत, “शाब्बास” म्हणालात आणि सही केलीत. सोमवारी मी पानावर होती तेवढीच बाकी कामं वाचून दाखवली.

काल ट्रंक उघडून ते पान बघितलं तेव्हाच मला हे आठवलं. रिपोर्ट मी त्याच्यानंतर लिहिला.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. पान फाडायला नको होतं. गल्लीत जाऊन सांगायला हवं होतं. विचारलं तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं. हे सगळं तुमच्याकडे राहील आणि हा कागद ट्रंकेत त्या डायरीत राहील. सात वाजून गेले, मिलचा भोंगा झाला, पँट अजून दमट आहे पण घालतो. ‘तत्कालीन दरोगांच्या विस्मरणामुळे’ हे खोडलं आहे आणि वर लिहिलं आहे, ‘डायरी लिहिणाऱ्या मुलाने ओळ गाळल्यामुळे’, आणि तो मुलगा कोण तेही लिहिलं आहे. जागा पुरली नाही, ते समासात गेलं. स्वच्छ प्रत करायला वेळ आहे, पण करत नाही. खोडताना रूळ लावला नव्हता. रेघ वाकडी आली आहे.